पुरात भिजलेल्या फायली आणि दणकट श्रेडर : सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ | ३ जून, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं सीएचं ऑफिस आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी बघते. मी, दोन आर्टिकलची (सीए होण्यासाठी काम शिकणारी) मुलं आणि टायपिंग-फायलिंग सांभाळणाऱ्या मावशी, एवढाच पसारा.

ऑफिस तळमजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या कपाटांचे खालचे दोन खण बुडाले. पाणी उतरल्यावर गच्चीत दोऱ्या बांधून जमेल तेवढं वाळवलं. त्यातलं जे लागणार होतं ते स्कॅन केलं. उरलेलं पोत्यांत भरून माळ्यावर टाकलं, ते आजतागायत तिथेच आहे. त्यात बाबांच्या काळातल्या कोरड्या जुन्या फायलींची भर. परवा एक पोतं काट्यावर ठेवलं, १५ किलो भरलं. अशी ४० पोती आहेत.

रद्दीत घालायला मन धजत नाही. गेल्या महिन्यात बाजारातून शेंगदाणे आणले, तर पुडीचा कागद म्हणजे कुणाचा तरी फॉर्म १६. नाव, पॅन, पगार, सही, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. आमच्या क्लायंटचा नव्हता, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. लोक आपल्या घरातल्या माणसांना जे सांगत नाहीत ते आमच्यापुढे ठेवतात. त्या कागदांची पुडी होता कामा नये.

म्हणून कागद कापणारा दणकट श्रेडर घ्यायचा आहे. बजेट ३० ते ४० हजार. पट्ट्या कापणारा घ्यावा की बारीक तुकडे करणारा? 'एका वेळी १८ कागद' वगैरे आकडे खरे असतात का? स्टेपलच्या पिना चालतात का? वापरणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मधुमालती | ३ जून, सकाळी १०:४०

पुडीचं अगदी पटलं. माझ्या मुलाच्या वर्गातल्या एका मुलीच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदात आम्हाला वडापाव मिळाला होता. नाव वाचून मुलगा म्हणाला, "आई, ही आमच्या वर्गात आहे." मी तो कागद घरी आणून चुलीत घातला.

यंत्रवेडा | ३ जून, दुपारी १:०५

ताई, मी ३१ वर्षं भोसरीत मेंटेनन्सला होतो. श्रेडर दुरुस्तीला पुष्कळ यायचे, आणि ९० टक्के वेळा दोष यंत्राचा नसायचा, चुकीच्या कामाला चुकीचं यंत्र लावलेलं असायचं.

खोक्यावर 'एका वेळी किती कागद' हे मोठ्या अक्षरात असतं. त्याकडे नंतर बघा. आधी बारीक अक्षरातला 'रन टाइम' शोधा. १० मिनिटं चालू, ४० मिनिटं बंद, असं काहीतरी दिसेल. लहान यंत्रांची मोटर तेवढ्यात तापते, आतला थर्मल कट-ऑफ पडतो आणि ती थंड होईपर्यंत यंत्र हलत नाही. 'कंटिन्युअस ड्यूटी' लिहिलेल्या यंत्रात बहुधा इंडक्शन मोटर असते. ती जड असते, आवाज कमी करते आणि दिवसभर चालते.

आता हिशेब. ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) एक ए-फोर कागद ५ ग्रॅमचा, म्हणजे किलोत २०० कागद. तुमचे ६०० किलो म्हणजे १,२०,००० कागद. पुठ्ठे, फोल्डर वजा करून लाखभर धरू. लहान यंत्रात एका वेळी १० कागद घातले आणि घालण्या-सरकवण्यासकट १५ सेकंद लागले, तर मिनिटाला ४० होतात. १० मिनिटांत ४००, मग ४० मिनिटं थांबा. तासाला सरासरी ४८०. लाख कागदांना २०८ तास, म्हणजे रोज आठ तास उभं राहून २६ दिवस. न थांबणाऱ्या मोठ्या यंत्रात एका वेळी २० घातले तर तेच काम २१ तासांत होतं, पण असं यंत्र तुमच्या बजेटमध्ये बसेल असं वाटत नाही.

कागदांचा आकडाही साधारण ७० जीएसएमच्या कोऱ्या, सपाट कागदावर काढलेला असतो. लेजरचा जाड कागद, स्टॅम्प पेपर, घडी पडलेले कागद आले की तो घसरतो. १८ लिहिलं असेल तर १२ घाला, यंत्र दहा वर्षं टिकेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पुराचे कागद म्हणजे गाळ. वाळलेला गाळ म्हणजे बारीक वाळू. ती कटरच्या धारेला सँडपेपरसारखी घासते. ती पोती नव्या यंत्रात अजिबात घालू नका.

कृष्णाकाठ | ३ जून, दुपारी १:३०

काका, गाळाचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. पोत्यातला कागद उचलला की अजूनही बोटांना माती लागते. मग त्या पोत्यांचं करू काय?

गिरगावकर | ३ जून, दुपारी २:१५

आमच्या चाळीत आजोबा अशी सगळी कागदपत्रं पाणी तापवायच्या बंबात घालायचे. अंघोळही व्हायची आणि कामही. जाळण्यासारखा पक्का उपाय नाही. राख कोण जोडणार?

सोनचाफा | ३ जून, दुपारी २:४८

गिरगावकर, बंबात रोज चार कागद वेगळे आणि ६०० किलो वेगळे. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आहे. साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,००० रुपये दंड. शिवाय गठ्ठा जाळला की कडा जळतात आणि मधली पानं तशीच राहतात. आमच्या सोसायटीत एकदा असं झालं होतं. दुसऱ्या दिवशी अर्धवट जळलेले चेक वाऱ्याने अंगणभर झाले होते.

गिरगावकर | ३ जून, दुपारी ३:०२

मधली पानं जळत नाहीत हे खरं आहे. आजोबा एकेक पान चुरगळून घालायचे, आत्ता आठवलं. मागे घेतो.

खातेवही | ३ जून, संध्याकाळी ६:२०

मीही सीए आहे, कोल्हापूरला. यंत्राच्या आधी एक प्रश्न. नष्ट करायची यादी कुणी तपासली आहे का?

कंपनीच्या हिशेबाच्या वह्या कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे आठ आर्थिक वर्षं ठेवाव्या लागतात. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. आपल्या ऑडिटच्या वर्किंग पेपरना, म्हणजे तपासणी करताना आपण तयार केलेल्या कागदांना, ऑडिटच्या मानकांप्रमाणे ऑडिट रिपोर्टच्या तारखेपासून साधारणपणे सात वर्षं. आणि ज्या प्रकरणात अपील किंवा नोटीस चालू आहे त्याला हे काहीही लागू नाही, निकाल लागेपर्यंत हात लावायचा नाही.

दुसरं, वर्किंग पेपर आपले असतात, पण क्लायंटच्या वह्या आणि मूळ कागद क्लायंटचे असतात. मी नष्ट करण्याआधी पत्र पाठवतो, की ३० दिवसांत न्यायचं असेल तर न्या. निम्मे लोक उत्तर देत नाहीत, पण एक जण असा निघतो की ज्याला नेमका तोच कागद हवा असतो.

कृष्णाकाठ | ३ जून, संध्याकाळी ६:५५

पोत्यांतलं सगळं २०१०-११ च्या आधीचं आहे आणि चालू अपिलाच्या फायली वेगळ्या काढल्या आहेत. पत्राचं मात्र केलेलं नाही. ते नक्की करते.

जुनी पेटी | ३ जून, रात्री ९:१०

पत्र पाठवाच, आणि प्रत्येक फाइल उलगडून बघा. माझ्या सासऱ्यांच्या पश्चात आम्ही त्यांचे कागद रद्दीत काढत होतो. वीजबिलांच्या गठ्ठ्यात एका कंपनीचं मूळ शेअर सर्टिफिकेट निघालं. सात वर्षं सलग लाभांश न घेतल्यामुळे शेअर्स आयईपीएफकडे, म्हणजे दावा न केलेले शेअर्स सांभाळणाऱ्या सरकारी निधीकडे, गेले होते. ते परत मिळवायला पुष्कळ खटपट करावी लागली, पण मिळाले. सर्टिफिकेट नसतं तर आम्हाला ते शेअर्स होते हेच कळलं नसतं.

तिरपागडा | ३ जून, रात्री ९:३३

पी-४, पी-५ असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते काय असतं? मी घरासाठी बघतोय, जास्त कागद नाहीत.

दूरदेशी | ४ जून, मध्यरात्री १:२०

मी श्टुटगार्टला राहतो, इथे हा विषय रोजच्या जगण्यातला आहे. डीआयएन ६६३९९ हे जर्मन मानक २०१२ मध्ये आलं, पुढे तेच आयएसओ/आयईसी २१९६४ झालं. पी म्हणजे कागद, आणि १ ते ७ या पायऱ्या. आकडा वाढेल तसा तुकडा लहान.

पी-२ म्हणजे ६ मिमीपर्यंतच्या लांब पट्ट्या. ए-फोर कागदाच्या ३५ पट्ट्या होतात. पी-४ म्हणजे तुकडा १६० चौरस मिमीच्या आत, उदाहरणार्थ ४ बाय ४०. एका कागदाचे जवळजवळ ४०० तुकडे. पी-५ ला ३० चौरस मिमी, २ बाय १५, म्हणजे एका कागदाचे दोन हजारांवर तुकडे. पी-७ ला ५ चौरस मिमी, ते लष्करी आणि गुप्तचर खात्यांचं काम.

घराला आणि सीएच्या ऑफिसला माझ्या मते पी-४ योग्य. पी-५ ला तीच मोटर निम्म्याच्या आसपास कागद घेते आणि भुगा फार उडतो.

गंमत म्हणजे श्रेडर ज्या गावात जन्मला ते बालिंगेन इथून जवळच आहे. आडोल्फ एहिंगर नावाच्या माणसाने १९३५ च्या सुमारास शेवया कापायच्या यंत्रावरून हे यंत्र बनवलं असं सांगतात. आपल्या शेवयांच्या सोऱ्यातही कुणीतरी कागद घालून बघितला असता तर!

यंत्रवेडा | ४ जून, सकाळी ८:००

सोऱ्या दाबतो, कापत नाही. हाताने फिरवायचं शेवयांचं यंत्र म्हणा, त्यात रोलर असतात. तत्त्व तेच. श्रेडरचे दोन दंड एकमेकांविरुद्ध फिरतात आणि त्यांवरच्या पोलादी चकत्या एकमेकींत अडकून कात्रीसारख्या चालतात. गिअर नायलॉनचे आहेत की पोलादी, हे दुकानात विचाराच. पहिला तुटतो तो गिअर.

पानगळ | ४ जून, सकाळी ९:१५

पट्ट्यांचा श्रेडर घेऊ नका याला आणखी एक दुजोरा. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी वकिलातीत पट्ट्या केलेले कागद इराणी लोकांनी गालिचे विणणाऱ्या कारागिरांकडून जोडून घेतले आणि पुस्तकरूपाने छापले. पट्ट्या पिशवीत पडतात तेव्हा एका कागदाच्या शेजारी-शेजारीच पडतात, त्यामुळे जोडणं सोपं जातं.

तिरपागडा | ४ जून, सकाळी ९:२२

पण माझ्या वीजबिलासाठी कोण गालिचे विणणारे आणणार? मला खरंच विचारायचंय, पट्टीवाला स्वस्त आहे, एका वेळी जास्त कागद घेतो, मग घरासाठी काय वाईट?

पानगळ | ४ जून, सकाळी ९:५०

रास्त प्रश्न. वीजबिलासाठी काहीच वाईट नाही. पण ६ मिमीची पट्टी जर ओळींना समांतर कापली गेली तर अख्खी ओळ पट्टीवर तशीच राहते. खाते क्रमांक, नाव, सगळं. बँकेच्या आडव्या छापलेल्या स्टेटमेंटमध्ये हमखास असं होतं. पट्टीवालाच घ्यायचा असेल तर ओळी कटरला आडव्या येतील असा कागद घाला.

दूरदेशी | ४ जून, दुपारी १२:१०

बारीक तुकडेही जोडता येतात, फक्त कष्ट वाढतात. २०११ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा संस्थेने कापलेले पाच दस्तऐवज जोडायची स्पर्धा ठेवली होती, बक्षीस ५०,००० डॉलर. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका गटाने ३३ दिवसांत सोडवली. त्यातून मी एवढंच घेतो, की वेगवेगळे कागद एकाच टोपलीत मिसळू द्या आणि टोपली भरली की थोडं हलवा. मिसळण्यातली सुरक्षितता फुकट मिळते.

माऊची आई | ४ जून, दुपारी ३:३०

यंत्र आलं की प्लग काढून ठेवायची सवय सगळ्या ऑफिसला लावा. 'ऑटो' वर ठेवलेलं यंत्र फटीत काहीही गेलं की सुरू होतं. आमच्या शाळेच्या ऑफिसात एका बाईंची ओढणी ओढली गेली. शेजारणीने उलट फिरवायचं बटण दाबलं म्हणून निभावलं. साडीचा पदर, लांब मंगळसूत्र, गळ्यातलं ओळखपत्र, मोकळे केस, सगळंच धोक्याचं. लहान मुलं आणि मांजरं घरात असतील तर यंत्र उंचावर, बंद दाराआड. मुलांची बोटं बारीक असतात, फटीतून जातात.

कृष्णाकाठ | ४ जून, दुपारी ४:०५

मावशी कायम साडीत असतात. बरं झालं लिहिलंत. बटण कुठे आहे ते पहिल्या दिवशी सगळ्यांकडून करून घेईन.

निवृत्त रोखपाल | ४ जून, रात्री ८:४५

नोकरीत असताना फाटक्या नोटांचं काम जवळून पाहिलंय. रिझर्व्ह बँकेकडे नोटा तपासून, मोजून, तिथल्या तिथे बारीक करणारी यंत्रं आहेत. भुग्याच्या दाबून विटा करतात. २०१६ च्या नोटाबंदीनंतर असा भुगा केरळात कन्नूरच्या प्लायवूड कारखान्यात गेला आणि हार्डबोर्डमध्ये मिसळला गेला.

हे सांगायचं कारण, कागद फाडला की काम संपत नाही, पुढे त्याचं काय होतं तेही बघावं लागतं. कृष्णाकाठ ताई, तुमच्या ४० पोत्यांसाठी श्रेडर नको. पेपर मिलला विचारा. तिथे पल्परमध्ये पाण्यात कागद घुसळून लगदा करतात. गाळ, पिना पुढच्या चाळण्यांत वेगळ्या होतात. ओला-सुका काही फरक पडत नाही. तुम्ही स्वतः टेम्पोबरोबर जा, डोळ्यांदेखत पल्परमध्ये पडताना बघा आणि नष्ट केल्याचं पत्र घ्या. लगद्यातून कुणाचा पॅन नंबर परत निघत नाही.

खातेवही | ४ जून, रात्री ९:००

रोखपाल काका, हेच. एक भर, की मधला माणूस नको. 'आम्ही मिलला पोचवतो' म्हणणाऱ्या एकाला मी एकदा माल दिला होता. चार दिवसांनी माझ्याच लेटरहेडच्या पुड्या बाजारात दिसल्या. मी त्या सगळ्या विकत घेतल्या आणि त्या क्लायंटच्या घरी जाऊन माफी मागितली.

सोनचाफा | ४ जून, रात्री ९:३५

आणि रोज होणाऱ्या तुकड्यांचं? आमचा रद्दीवाला तुकडे घेत नाही. धागे आखूड झालेले असतात, वजनाला भाव नाही, आणि उडतात. मी साधे तुकडे कंपोस्टमध्ये घालते, सुका पाला कमी पडतो तेव्हा चांगले चालतात. एटीएमच्या आणि कार्ड मशीनच्या गुळगुळीत पावत्या मात्र त्यात नकोत, त्या थर्मल कागदाला रसायनाचा थर असतो.

तिरपागडा | ५ जून, सकाळी ७:५०

तेलाचं कुणी बोललं नाही. खोबरेल चालेल का?

यंत्रवेडा | ५ जून, सकाळी ८:२०

नको. थंडीत गोठतं आणि कागदाच्या भुग्याबरोबर कटरमध्ये त्याची लापशी होते. श्रेडरचं तेल वेगळं मिळतं, तेच घ्या. एका कागदावर नागमोडी रेघ ओढायची आणि तो कागद यंत्रात घालायचा, झालं. गंज काढायचे डब्यातले स्प्रे तर कधीच नको. त्यातला वायू पेट घेतो, आणि मोटरमध्ये ठिणगी पडू शकते.

स्टेपलबद्दल विचारलं होतं. 'पिना चालतात' लिहिलं असेल तर कोपऱ्यातली एक बारीक पिन चालते. जाड स्टेपल, क्लिप, ट्रेझरी टॅगची लोखंडी टोकं काढायचीच. आर्टिकलच्या मुलांना पिन रिमूव्हर घेऊन द्या.

कृष्णाकाठ | १४ ऑगस्ट, सकाळी ११:२५

मंडळी, दोन महिन्यांनी लिहिते आहे, पण काय झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

पत्रं १६३ गेली. ४१ जणांचं उत्तर आलं, ११ जण स्वतः येऊन कागद घेऊन गेले. एक शेतकरी आजोबा मिरजेहून आले, त्यांना १९९६ च्या खरेदीखताची झेरॉक्स हवी होती. मूळ त्यांच्या घरी पुरात गेलं होतं. नक्कल निबंधक कार्यालयातून काढता येते, पण त्यासाठी दस्ताचा क्रमांक आणि तारीख हवी आणि ते त्यांना आठवत नव्हतं. आमच्या मातकट झेरॉक्सवर दोन्ही वाचता आलं. जुनी पेटी, तुमच्यामुळे फायली उलगडल्या. न उलगडता दिल्या असत्या तर मी त्या माणसाला काय उत्तर दिलं असतं?

उरलेलं भरलं ३६ पोती. मी आणि थोरला आर्टिकल टेम्पोत बसून मिलला गेलो. बाबा ७९ वर्षांचे आहेत, तेही हट्टाने आले. प्लास्टिकचे फोल्डर आणि पुठ्ठे आधीच काढले होते. पल्परच्या काठावर उभं राहून शेवटचं पोतं पडेपर्यंत पाहिलं. बाबा काही बोलले नाहीत. परतताना एवढंच म्हणाले, "सगळ्यांचं नीट पोचलं." मिलच्या लेटरहेडवर वजन आणि तारखेसह पत्र घेतलं, ते फायलीला लावलंय.

रोजच्या कामाला पी-४ चं यंत्र घेतलं, १२ कागदांचं, पोलादी गिअर, २० मिनिटं चालतं, ३० लिटरची टोपली. बजेटच्या निम्म्यातच झालं. आम्ही आठ-आठ घालतो. टेबलापाशी 'पदर, ओळखपत्र, केस' अशी पाटी मावशींनीच लिहून लावली आहे.

दूरदेशी | १४ ऑगस्ट, दुपारी ४:४०

बाबांना माझा नमस्कार सांगा.

यंत्रवेडा | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:१०

छान केलंत. २० मिनिटांनंतर अर्धा तास थांबायला मुलांना सांगा, घाई करतील. तेल?

कृष्णाकाठ | १४ ऑगस्ट, संध्याकाळी ५:१८

दर शनिवारी, काका. नागमोडी रेघ.